टॉवेलाखालचं खरं

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोच्या, हौसाच्या, डोळ्यांत तासभर दिवे मारून पाहिलं आणि मग मला एकट्याला आत बोलावलं. साल २०३२, फेब्रुवारी, मंगळवार. वार लक्षात आहे, कारण मंगळवारी हौसाचा उपास असायचा आणि ती सकाळपासून नुसत्या चहावर होती.

"यांचे कान कधीपासून कमी आहेत?" बाईंनी विचारलं.

"ल्हानपणापासनं थोडे. चाळिशीनंतर जास्त. आता तर कानाशी वरडावं लागतं."

"आणि दिवस मावळला की अडखळतात?"

"धा वर्षं झाली. आमी म्हणायचो, वेंधळी हाय."

बाईंनी कागदावर एक कान काढला आणि एक डोळा काढला. कानाच्या आत केसासारख्या बारीक पेशी असतात, डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. दोन्हींना एकाच जातीचं प्रथिन लागतं. हौसाच्या अंगात ते नीट तयार होत नव्हतं. तिचे आईवडील आत्तेमामे भावंडं, दोघांकडून तेच बिघडलेलं जनुक आलं होतं. कान आधी जातो, डोळा मागून. कानाची नसही बारीक झालेली, त्यामुळे आत यंत्र बसवून उपयोग नव्हता.

"दोन वर्षांत नजर पूर्ण जाईल," बाई म्हणाल्या. "कानही राहणार नाहीत."

हौसा बाहेर बाकावर बसली होती. माणसांनी भरलेल्या जागेत हे तिच्या कानाशी ओरडून कसं सांगायचं? मी शेजारी बसलो. खांद्यावरचा टॉवेल काढून आमच्या हातांवर टाकला आणि तिची मूठ धरून मिटली. आमच्या बैलबाजाराच्या धंद्यात मूठ मिटली म्हणजे व्यवहार मोडला.

ती सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कान का डोळं?"

मी तिची दोन बोटं दाबली.

"दोनी?"

मी पुन्हा दोन दाबली. तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "तर मग आदी खायाला घाला. उपास गेला चुलीत."

त्या दिवशी तिनं दोन प्लेट मिसळ खाल्ली. मी एकही संपवू शकलो नाही.

माझं नाव नाथा गळवे. आटपाडीपासून सात मैलांवर आमचं गाव. चाळीस वर्षं मी खिलार जनावरांची दलाली केली. बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा हातात हात घेतात, वर टॉवेल पडतो आणि बोटांनी बोलणं होतं. एक बोट धरलं म्हणजे एक, पंजा धरला म्हणजे पाच. नखानं तळवा खाजवला म्हणजे अजून वाढव. अंगठा चोळला म्हणजे माझ्या मनात आहे, पण घरच्यांना विचारायला हवं. भोवती वीस माणसं उभी असली तरी आतलं दोघांनाच ठाऊक. आता जनावरांच्या कानात चिप असते, फोन लावला की वय, आजी-आजोबा, सगळी इंजेक्शनं दिसतात. भाव फलकावर लावायचा नियम आहे. तरी खिलारच्या बाजारात टॉवेल अजून पडतो, कारण चिपेत सगळं असतं, जनावराची खोड नसते.

हौसाची नजर जाता जाता आम्ही ही बोटांची भाषा घरात आणली. करंगळी ओढली म्हणजे जेवायला चल. मनगट पिळलं म्हणजे कोणीतरी आलंय, हळू बोल. तळव्यावर गोल फिरवला म्हणजे पोरगी, रोहिणी. सुरुवातीला पंधरावीस खुणा होत्या. २०३४ साल उजाडलं तेव्हा हौसाला दिवस आणि रात्र एवढंच कळत होतं आणि आमच्या खुणा चारशेवर गेल्या होत्या. आम्ही हातात हात घालून भांडायचो. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारपणी यांना प्रेम सुचलंय.

बोलायची ती तोंडानंच, आणि मोठ्यानं. दुसऱ्याचं बोलणं मात्र माझ्या हातातून तिच्याकडे जायचं. आणि इथंच माझी चूक झाली.

दलालाला एक सवय असते. तो इकडचा शब्द तिकडे जसाच्या तसा नेत नाही. विकणारा म्हणतो, "देत न्हाई, जा म्हणावं मसणात." दलाल घेणाऱ्याला सांगतो, "मालक जरा इच्यार करत्यात." असं केलं नाही तर जगात एक बैल विकला जाणार नाही. शेजारच्या भागीरथीवहिनी म्हणायच्या, "हौसाच्या भाकरी आता करपत्यात," आणि मी दाबायचो, वहिनी भाकरीचं नाव काढतात. त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पण रोहिणीचा विट्याहून फोन यायचा. "अण्णा, आईला म्हैनाभर माझ्याकडं पाठवा. मला तिची सेवा करू द्या. तुमालाबी इसावा." मी हौसाच्या हातावर दाबायचो, रोहिणी खुशाल आहे, कामात आहे. असं चार वेळा झालं. हौसा गेली असती तर मी त्या घरात एकटा काय करणार होतो? हौसाला वाटायचं, आंधळी बहिरी आई लेकीला नको झाली. एकदाच बोलली ती हे, भाकरी थापताना. मी दुसऱ्या खोलीत निघून गेलो.

जूनमध्ये रेहाना आली. रेहाना मुलाणी, मूळची तासगावची, पुण्यात अपंगांसाठी यंत्रं करणाऱ्या एका संस्थेत इंजिनिअर. वय तिशीचं, बोलणं भरभर. मला मामा आणि हौसाला मामी म्हणायला लागली ती पहिल्या कपापासून.

तिनं कोपरापर्यंतची एक बाही आणली होती. बाहीच्या आत चोवीस बारीक थरथरणाऱ्या टिकल्या. कोणी बोललं की प्रत्येक अक्षराला ठरावीक टिकल्या थरथरायच्या. हौसानं महिनाभर इमानानं ती घातली.

"कसं वाटतं मामी?" रेहानानं विचारलं. मी ते दाबलं.

"मुंग्या चालल्यागत," हौसा म्हणाली. "मुंग्या काय म्हणत्यात ते कळायच्या आत माणूस उठून जातं."

एक दिवस रेहाना चहा घेत बसली होती आणि आमचं दोघांचं हातानं भांडण चाललं होतं, विषय गाभण शेळीचा. रेहानानं कप खाली ठेवला. मोबाइल काढून आमचे हात टिपायला लागली. मग दोन दिवस तिनं आकडेमोड केली. बाहीतून हौसाला मिनिटाला नऊ शब्द कळत होते. माझ्या हातातून सत्तरच्या वर.

तिनं मला कारण समजावलं ते असं. कोपराजवळच्या कातड्यावर दोन ठिकाणी टोचलं तर ती ठिकाणं दीड इंच लांब असल्याशिवाय दोन आहेत हे कळत नाही. बोटाच्या टोकावर दोन ज्वारीच्या दाण्यांएवढंही अंतर लागत नाही. शिवाय कातडं नुसती जागा ओळखत नाही. किती जोरात, किती वेळ, कोणत्या बाजूला ओढलं, हे सगळं त्याला वेगवेगळं कळतं. डोळा बंद पडला की मेंदूतली डोळ्याची जागा रिकामी राहत नाही, हाताकडून येणारं तिथं राहायला येतं. "मामींच्या मेंदूत तुमचा हात राहतो, मामा," ती म्हणाली. "आम्ही अक्षरं दाबत बसलो. तुम्ही आख्खं वाक्य एका चिमटीत देता, रागासकट."

बाही गेली. तिच्या जागी हातमोजा आला, पातळ, कांद्याच्या सालीसारखा, मनगटाशी बोलणं टिपणारा माइक, आत हवेच्या बारीक पिशव्या. त्या फुगायच्या, दाबायच्या, ओढायच्या. फक्त त्याला आमची भाषा शिकवायची होती.

तीन आठवडे आम्ही ओसरीवर बसलो. रेहानाकडे रोजच्या बोलण्यातल्या चौदाशे वाक्यांची यादी होती. ती वाक्य वाचायची, मी ते हौसाच्या हातावर दाबायचो, यंत्र टिपून घ्यायचं. हौसानं मान डोलावली की पुढचं वाक्य. मान डोलली म्हणजे बरोबर गेलं, असं रेहानानं धरलं. ही तिची चूक. बाकीची सगळी माझी.

कारण यादीत काय काय वाक्यं होती! "तुमचा आवाज फार मोठा आहे." "स्वयंपाक बिघडला." "तुम्ही इथं थांबू नका." "डॉक्टर म्हणतात, गुण येणार नाही." बायकोच्या हातावर असलं कसं दाबायचं? मी ठरवून लबाडी केली नाही. चाळीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप वळत होता. स्वयंपाक बिघडलाचं झालं, आज जेवण वेगळं आहे. थांबू नकाचं झालं, बसा, चहा होतोय. लेकीनं बोलावलंयचं झालं, लेक खुशाल आहे, कामात आहे.

मोजा तयार झाला आणि आमच्या घराला उधाण आलं. हौसा गावभर फिरायला लागली. काठी एका हातात, मोजा दुसऱ्या हातात. देवळाच्या पारावर बसून म्हाताऱ्यांशी बोलायची. किराणा दुकानात थट्टा करायची. दोन वर्षांनी तिला माझ्याशिवाय दुसरं माणूस भेटत होतं.

"अवं," ती एकदा मला म्हणाली, "गाव किती सुधारलं हो. कोणीबी वाकडं बोलत न्हाई."

मला शंका यायला हवी होती. आमच्या कोंबड्या भागीरथीवहिनींच्या मेथीत शिरल्या तेव्हा वहिनी कुंपणाशी उभ्या राहून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या आणि हौसा हसून त्यांना परसातली कोथिंबीर देत होती. वहिनी कोथिंबीर घेऊन गेल्या. नंतर मला म्हणाल्या, "भाऊजी, ही बाई देव झाली का येडी झाली?"

दिवाळीला रोहिणी आली. रेहानाही त्या दिवशी मोजा तपासायला आलेली. रोहिणीनं आईच्या शेजारी बसून मनातलं काढलं.

"आई, मी चार वेळा बोलावलं. तू एकदाबी आली न्हाईस. माझं काय चुकलं?"

मोजा हलला. हौसानं ऐकून घेतलं आणि रोहिणीच्या गुडघ्यावर थोपटलं. "काम कर बाई तुझं. माझी काळजी करू नको."

रोहिणी रडायलाच लागली. रेहानानं तिला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि टॅबलेटवर बघितलं. मोजा काय दाबतो ते तिथं लिहून येतं. तिथं आलं होतं: रोहिणी खुशाल आहे. कामात आहे.

रेहानानं ते दोनदा वाचलं. मग तिनं भागीरथीवहिनींच्या शिव्यांची नोंद उघडली. तिथं होतं: वहिनींना मेथी आवडते.

"मामा," ती म्हणाली, "यंत्र वाक्यं पाठ करत नाही. चौदाशे जोड्या बघून त्यातली रीत काढतं. नवं वाक्य आलं की तीच रीत लावतं. कडू आलं की गोड करायचं, आणि मामींनी कुठं जायचा विषय आला की गाळायचा, अशी रीत त्यानं काढली आहे. ही त्याला कुणी शिकवली?"

मी रिकामे कप गोळा करायला लागलो.

"मोजा बिघडलेला नाही," रेहाना म्हणाली. "तो दलाल झालाय."

रोहिणीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "अण्णा, तुमीच सांगा तिला. आता. आमच्या देखत."

मी हौसाच्या हातातला मोजा काढला. टॉवेल घेतला नाही. चार वेळचे चारी फोन एकेक करून तिच्या तळव्यावर दाबले आणि शेवटी दाबलं, मला एकटं राहायचं नव्हतं.

हौसानं माझा हात धरला आणि माझी मूठ मिटली.

त्याच दिवशी ती रोहिणीबरोबर विट्याला गेली. मोजा खुंटीला टांगून गेली.

तो महिना मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही, पण थोडं सांगतो. मी भाकरी करायला शिकलो. पहिल्या भाकरीचा तुकडा मी भागीरथीवहिनींना दिला. त्या म्हणाल्या, "कुत्र्याला टाकू नका, त्येबी आपलंच हाय." मला फार बरं वाटलं. निदान कोणी खरं बोलत होतं.

एकतिसाव्या दिवशी, आठ डिसेंबरला, विट्याच्या एसटीतून हौसा उतरली. बरोबर रोहिणी. हौसाचं वजन वाढलं होतं. तिनं माझा वास ओळखला, हात पुढं केला आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या पिशवीतून टॉवेल काढला. स्टँडवर, सगळ्यांच्या देखत, तो आमच्या हातांवर टाकला. मग आत दोन अटी झाल्या.

पहिली: चौदाशे वाक्यं पुन्हा दाबायची. खरी. रोज दहा.

दुसरी: पौषात खरसुंडीच्या यात्रेत ती एक खोंड घेणार. सौदा स्वतः करणार. मी लांब उभं राहायचं. एक शब्द तोंडातून काढायचा नाही.

मी घासाघीस म्हणून तळवा खाजवला. तिनं माझ्या बोटावर नख रोवलं. मी आख्खा हात दिला, कबूल.

"बैलांची दलाली करा," टॉवेल काढून घेत ती मोठ्यानं म्हणाली. "माझी करू नका."

स्टँडवरचा कंडक्टरसुद्धा हसला.

रोज दहा वाक्यं म्हणजे रोज दोन तास. कारण एकेका खऱ्या वाक्यावर बोलणं व्हायचं. "तुमचा आवाज फार मोठा आहे," मी दाबलं. "किती वर्षं?" तिनं विचारलं. मी वीस दाबले. तिनं कपाळाला हात लावला. "म्हंजे चुलतसासूच्या बाराव्याला मी जे हळू म्हणून बोलले..." मी दाबलं, मांडवभर ऐकू गेलं. ती इतकी हसली की रेहानाला यंत्र बंद करावं लागलं. आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यात आम्ही एकमेकांना जेवढे कळलो तेवढे आधी कधी कळलो नव्हतो. लोकांना वाटतं आंधळ्या बहिऱ्या माणसाला सांभाळणं म्हणजे त्याला त्रासापासून लांब ठेवणं. मलाही तसंच वाटायचं.

यात्रा आली तेव्हा चारशे वाक्यं झाली होती. रेहाना काळजीत होती.

"जुनी सगळी पुसून टाकली तर चारशेवर मोजा अडाणी राहील, अर्धं बोलणं कळणार नाही," तिनं मला सांगितलं. "म्हणून जुनी हजार ठेवून नवी चारशे घातली आहेत. हजार गोड, चारशे खरी. ऐन वेळी तो कुणाचं ऐकेल, मला सांगता येत नाही."

हे मी हौसाला दाबून सांगितलं. ती म्हणाली, "माझं ऐकलं तुमी चाळीस वर्षांनी. त्यो तर चार म्हैन्याचा हाय."

खरसुंडीच्या माळावर जनावरंच जनावरं. पांढरी, करडी-कोसी, शिंगं रंगवलेली. हौसा नाकानं बाजार बघत चालली होती. डाव्या हातात मोजा, उजवा मोकळा. मेटकरी नावाच्या दलालाच्या दावणीला तिनं एका खोंडावर हात ठेवला आणि तिथंच थांबली. मेटकरी माझ्या धंद्यातला जुना गडी, बाजारात तीस वर्षं समोरासमोर. हुशार माणूस. त्याच्या दावणीला त्याचा भाऊही होता.

हौसानं खोंडाच्या पाठीवरून हात फिरवला, पाठीवरचा भोवरा बोटानं शोधला, वशिंड दाबलं, ओठ उघडून दातांवरून अंगठा फिरवला. "दुधाचेच हायत," ती म्हणाली. खोंड शांत उभा होता. मला दहा पावलांवरून दिसत होतं, जनावर नंबर एक.

हौसा शेपटीकडून वळून पलीकडच्या अंगाला निघाली. तेवढ्यात मेटकरी गर्दीतल्या भावाला बोलला, ते मलाही ऐकू आलं.

"तिकडनं जाऊ देऊ नको. डाव्या अंगाला माणूस आलं की लाथ घालतोय."

भाऊ गर्दीत अडकला होता. हौसा पुढं चालली होती. माझ्या तोंडाशी हाक आली, पण हाक मारून काय होणार होतं, तिला ऐकू कुठं येतं? धावून जावं तर शब्द दिला होता. मी एक पाऊल टाकलं. रेहानानं माझ्या हाताला धरलं. ती टॅबलेट बघत नव्हती, हौसाच्या हाताकडे बघत होती.

जुन्या मोज्यानं दाबलं असतं, मालक म्हणतात जनावर गरीब आहे.

हौसा थांबली. खोंडाच्या मागच्या पायापासून दोन हातांवर. डावा हात तिनं वर धरला, मोज्याचा. मग मागं वळली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "मेटकरी, ह्येच्या लाथंचंबी मोल लावलंय का?"

भोवतीची माणसं हसली. मेटकरी जवळ आला. "वैनी, तुमाला ऐकू येत न्हाई म्हणत्यात?"

"तोंडावर बोललेलं येत न्हाई. मागनं बोललेलं येतं."

रेहाना खाली बसली आणि तोंड झाकून हसत राहिली. मी तिच्या शेजारी बसलो. मला रडू येत होतं का हसू ते सांगता येणार नाही.

हौसानं उजवा हात पुढं केला आणि टॉवेल मागितला. मेटकरी मागं सरला. आमच्या बाजारात बाई टॉवेलाखाली हात घालत नाही.

"बाईच्या हातात हात देऊ? लोक काय म्हंतील?"

"टॉवेल हाय की," हौसा म्हणाली. "लोकास्नी काय दिसतंय? मला तर कायच दिसत न्हाई."

मेटकरीनं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. मग त्यानं टॉवेल टाकला.

तो सौदा सव्वा तास चालला. एवढा लांबलेला सौदा मी जन्मात बघितला नाही. गर्दी वाढली, बायका पुढं आल्या, कोणीतरी चहा आणला, तो गार झाला. हौसाचा चेहरा दगडासारखा. मेटकरीच्या कपाळावर जानेवारीत घाम. दोनदा त्यानं हात काढून घेतला आणि दोनदा आपणहून परत घातला. शेवटी टॉवेल उडाला आणि त्यानं खोंडाचा कासरा हौसाच्या हातात दिला.

"नाथाण्णा," तो मला म्हणाला, "तीस वर्षं तुझ्याशी सौदं केलं. चुकीच्या माणसाशी केलं."

आकडा मी इथं लिहीत नाही. टॉवेलाखालचा आकडा बाहेर सांगायचा नसतो. खरं म्हणजे मलाही माहीत नाही. हौसानं मला शेवटपर्यंत सांगितला नाही.

खोंडाचं नाव तिनं मेटकरी ठेवलं. ती रोज त्याच्या डाव्या अंगाला थोडं थोडं जवळ जायची, हातात गूळ घेऊन. मार्चपर्यंत तो तिच्या पदराला तोंड लावून उभा राहायला लागला. बाकी कुणाला अजूनही लाथ घालतो. खऱ्या मेटकरीला हे कळलं तेव्हा त्यानं खोंडासाठी पितळी घुंगरं पाठवली.

वाक्यं चालू होती. रोज दहा. रेहानानं मधेच तपासून सांगितलं, मोजा आता दहापैकी नऊ वेळा खरं बोलतो. पुण्यात तो आणखी अकरा माणसांनी घातला. कोल्हापूरची एक मुलगी, जन्मापासून डोळा नाही कान नाही, ती मोज्यातून आईचं बोलणं समजून हातवाऱ्यांनी आईशी भांडली, असं रेहानानं फोनवर सांगितलं. पोरगी भांडली म्हणून आईनं पेढे वाटले. हौसानं ते ऐकून मला विचारलं, "म्हंजे त्या पोरीच्या हातावर तुमचा हात?" मी हो दाबलं. "मग नखं काढत जावा," ती म्हणाली.

दहा एप्रिलला दुपारी वाक्यं संपवून ती गोठ्यात गेली. छातीत कळ आली म्हणाली, खोंडाला टेकून बसली आणि तिथंच गेली. खोंड डाव्या अंगानं तिला चिकटून उभा होता, हलला नाही.

आता आठ महिने झाले. रोहिणी दर रविवारी येते. आईबरोबरच्या त्या महिन्यात शिकलेल्या खुणा तिला येतात, ती माझ्याशी हातानंच बोलते, मोठ्यानं भांडायचं असेल तर. भाकरी मी बऱ्या करतो. भागीरथीवहिनी म्हणतात, "आता कुत्रं खातंय." खोंड आता दोनदाती झाला. वेसण घालायच्या वेळी हौसा डाव्या बाजूला उभी राहणार होती. आता रोहिणी राहील.

रेहाना म्हणते, मोजा अजून काही बाबतींत गोड बोलतो. आजार, मरण, आणि निघून जाणं. कारण ती वाक्यं आम्ही शेवटी ठेवली होती. कुणाच्याही हातावर दाबली तरी चालतील, फक्त खरी हवीत. रोहिणीनं हात पुढं केला आहे. यादी खुंटीला टॉवेलाशेजारी टांगलेली आहे. चौदाशेपैकी बाराशे चाळीस झाली. पुढचं वाक्य आहे, "तुम्ही जाऊन या, मी एकटा राहीन." ते मी अजून दाबलेलं नाही. त्याच्यासकट एकशे साठ राहिली आहेत.